इनासभाऊंचं टोपन

सिसिलवहिनींचा फोन आला तेव्हा मी वसईजवळच्या होळी गावातल्या एका वाडीत अळूची पानं निवडत होते. "बाय, आमचे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. आमचे म्हणजे त्यांचे यजमान इनासभाऊ, आकाश टिपण्यातले माझे सहा वर्षांपासूनचे जोडीदार. मी पानं तशीच पाटीत ठेवली आणि बांधावर बसून राहिले. त्या वाडीपासून पाचूबंदरचं त्यांचं घर रिक्षाने दहा मिनिटांवर. दर आठवड्याला मी बोळिंजहून इथवर भाजीला यायचे, पण गेला दीड महिना त्यांच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. कारण मी रुसले होते. साठी उलटलेल्या बाईला हे शोभत नाही, ठाऊक आहे मला... पण खरं तेच आहे.

आमची ओळख झाली ती दोन कड्यांमुळे. शाळेत मी भूगोल शिकवायचे. आयुष्यभर फळ्यावर नक्षत्रं काढली आणि डोळ्यांनी धड एकही पाहिलं नाही, याची लाज वाटून निवृत्तीनंतर आकाशाचे फोटो काढायचं वेड लावून घेतलं. मोठी दुर्बीण सहाव्या मजल्यावरून वर-खाली कोण करणार? म्हणून साधा कॅमेरा, आकाशाचा मोठा तुकडा एकदम टिपणारी लेन्स आणि जेवणाच्या डब्याएवढी एक मोटर. ही मोटर आकाशाच्या चालीने कॅमेऱ्याला हळूहळू वळवत राहते, म्हणजे दोन-तीन मिनिटं उघडी ठेवलेली लेन्ससुद्धा तारे ठिपक्यांसारखे टिपते. आणि कॅमेऱ्याच्या शेजारी बसवायची टॉर्चएवढी दुर्बीण, गाइड स्कोप. तिच्या मागे एक इवलासा कॅमेरा असतो. तिने फक्त एका ताऱ्यावर नजर ठेवायची आणि तो तसूभर सरकला की मोटरला सांगायचं. माझी ही दुर्बीण तिला धरणाऱ्या दोन कड्या सैल असल्यामुळे डुगडुगायची. कोणीतरी सांगितलं, वसई पूर्वेला एका गाळ्यात लेथवर धातूचे भाग घडवणारे इनासभाऊ आहेत, ते करून देतील.

त्यांनी दुर्बीण उलटीपालटी करून पाहिली. "ह्याचा फोटू कुठं जातो?"

"हिचा फोटो निघत नाही. ही फक्त बघते. फोटो शेजारचा कॅमेरा काढतो."

"म्हंजे वाटाड्या," ते म्हणाले. त्या दिवसापासून गाइड स्कोपला आम्ही दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

कड्या इतक्या चपखल बसल्या की मी त्यांना गमतीने म्हटलं, आता बघायलाही चला. ते खरंच आले! वडील, काका, चुलतभाऊ सगळे मासेमारीतले. "कोल्याच्या पोटी जन्मून होडीत उलटी करनारा मी एकटाच," असं ते स्वतःच सांगायचे. म्हणून ते लेथवर गेले. पण लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून ध्रुव शोधलेला होता, त्यामुळे मोटरचा आस ध्रुवाकडे लावायला मला पंधरा मिनिटं लागायची, ते काम भाऊ दोन मिनिटांत करायचे. कामणला गोदामांच्या मागे त्यांच्या मावसभावाचं शेत होतं. एका बाजूला डोंगराचा आडोसा, गोदामांचे दिवे पाठीमागे. अमावास्येच्या आसपास आम्ही तिकडे जायचो, सिसिलवहिनीही थर्मासमध्ये चहा घेऊन यायच्या आणि बसल्याबसल्या पेंगायच्या. सगळं सामान वहिनींच्या मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात. दवापासून तेवढं छान काही सांभाळत नाही, असं भाऊंचं म्हणणं. बरोबरच होतं ते, पण माझ्या लेन्सला बोंबलाचा वास लागला तो आजतागायत गेलेला नाही.

वाटाड्यासाठी त्यांनी स्वतःच्या हौसेने लेथवर काळं टोपण करून दिलं. ते म्हणायचे 'टोपन'. मी पडले मास्तरीण. "इनासभाऊ, टोपण. बाणातला ण." ते जीभ वळवून बघायचे आणि पुन्हा 'टोपन'च यायचं. मी काही पिच्छा सोडला नाही. एकदा तर सिसिलवहिनी वैतागून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ना बाय, न म्हटल्यानं टोपन पडतं का?"

त्या टोपणानेच आमची फजिती केली. वाटाड्याला दिसणारा तारा किती हलतोय, ते लॅपटॉपवर एका रेघेत दिसतं. चांगल्या दिवशीही रेघ थोडी थरथरतेच, वारा असतो, हवा असते, मोटरचे दाते असतात. त्या दिवशी रेघ आली ती पट्टीने मारल्यासारखी. भाऊ खूश. "बाई, बघा, काय सरल हाय! माझ्या कड्या!" मीही त्यांची पाठ थोपटली. दोन तासांनी फोटो उघडले तर प्रत्येक तारा शेवयांसारखा लांबलेला. आम्ही मोटर तपासली, तिवई तपासली, एकमेकांवर चिडलो. शेवटी आवरताना भाऊंचा हात वाटाड्याच्या तोंडावर गेला. टोपण वरच होतं! आत मिट्ट काळोख, आणि त्या इवल्याशा कॅमेऱ्याच्या पडद्यावर असतो तसा एक बिघडलेला, कायम उजळ राहणारा ठिपका. वाटाड्या त्यालाच तारा समजून बसला होता. तो ठिपका कशाला हलतोय?

"रेघ जास्तच सरल आली ना बाई, की टोपन बघायचं," भाऊ म्हणाले, आणि आम्ही तिघं त्या शेतात पोट धरून हसलो. पुढे ती आमची बोलीच झाली. कोणी 'सगळं उत्तम चाललंय' असं तीनदा सांगितलं की आम्ही एकमेकांकडे बघून म्हणायचो, टोपन काढलं का?

या वर्षी आम्हाला पहाटेचा विंचू टिपायचा होता. वृश्चिकातल्या ज्येष्ठेच्या भोवती पिवळ्या-निळ्या धुळीचे ढग आहेत, डोळ्यांना दिसत नाहीत, कॅमेऱ्याला दिसतात. भाऊंनीच तो हट्ट धरला होता. पण माघातली अमावास्या गेली, ते म्हणाले, पुढच्या वेळी. पुढची गेली. मी फोन करून विचारायचे, कसे आहात? "मजेत, बाई." प्रत्येक वेळी तेच दोन शब्द, त्याच सुरात. तिसऱ्यांदा त्यांनी टाळलं तेव्हा मी फटकन बोलले, "कंटाळा आला असेल तर तसं सांगा. मी शाळेतल्या पोरांच्या सबबी ओळखायचे." ते हसले. "मजेत हाय मी, बाई. गाल्यात काम हाय जरा." मी फोन ठेवला तो ठेवलाच.

सबबी ओळखायचे म्हणे! सहा वर्षं ज्या माणसाबरोबर रेघ वाचायला शिकले, त्याचीच रेघ तीन महिने पट्टीने मारल्यासारखी येत होती आणि मला टोपण तपासायचं सुचलं नाही.

मातीच्या दिवशी गर्दीत बोलणं झालं नव्हतं; महिन्याच्या मिस्साला, चर्चमधल्या त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेला गेले तेव्हा वहिनींनी सगळं सांगितलं. यकृताचं दुखणं होतं, हिवाळ्यातच कळलं होतं. "तुला सांगायचं नाय असं बजावलेलं. म्हनाले, बाई विंचू सोडून माझ्या उशाशी येऊन बसतील." मग त्यांनी आमच्या सामानाचं, नेहमी त्यांच्याकडेच असणारं थर्माकोलचं खोकं माझ्या हातात दिलं. शेवटची अमावास्या झाल्यावर, उभं राहवत नव्हतं तरी, भाऊ रिक्षाने गाळ्यात गेले होते. एकच काम हाय, म्हणाले होते. अर्ध्या तासात परत आले. काय काम, ते वहिनींना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

पंधरा दिवस ते खोकं माझ्या हॉलमध्ये पडून होतं. वास येत होता, म्हणून निदान घरात कोणीतरी आहे असं वाटायचं. परवा संध्याकाळी पावसाने उघडीप दिली, तेव्हा धीर करून गच्चीवर नेलं. सामान मांडलं, चित्रा नक्षत्र दिसत होतं त्या बाजूला कॅमेरा केला, वाटाड्या सुरू केला. रेघ आली, सरळ. एकदम सरळ.

मी स्वतःशीच हसले आणि हात पुढे केला. टोपण नेहमीचंच, काळं, पण बोटांना खरखरीत लागलं. काढून मोबाइलच्या उजेडात धरलं. धातूवर सुईने कोरलेली, वाकडीतिकडी, थरथरत्या हाताची अक्षरं होती. 'बाई, टोपण काढा.' त्यातला ण बाकीच्या अक्षरांपेक्षा खोल होता, दोनदा गिरवलेला.

मी खूप रडले. मग डोळे पुसले आणि लॅपटॉपकडे वळले. वाटाड्याला आता खरा तारा सापडला होता, रेघ थरथरत होती.

"काढलं, इनासभाऊ," मी म्हटलं. "टोपन काढलं."