भिंतीवरची रात्र

बोरीतल्या आमच्या शाळेच्या भिंतीवर बिबट्याबद्दल सावध करणारं रात्रीचं चित्र हवं होतं, म्हणून मी नारायणगावच्या पेंटरला बोलावलं. हा माणूस रात्रसुद्धा काळ्या रंगाने रंगवत नाही. निळ्यात तपकिरी कालवतो आणि पांढऱ्याचा डबा शेवटपर्यंत उघडत नाही. काहीही विचारलं की म्हणतो, “दम धरा, बाई.”

काल संध्याकाळी तो माझी शिडी परत द्यायला घरी आला. मी अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते. कधी पाणीही न मागणारा तो म्हणाला, “बाई, आधी चहा टाका.” मी आत जाताच त्याने बाहेरून कडी लावली आणि माझी बादली बडवत सुटला. कडी निघाल्यावर मी त्याला चांगलंच झापलं. तो चहा न घेताच गेला.

आज चित्र पूर्ण झालं. उजेड एका दिव्यापुरता, बाकी ऊस आणि अंधार.

“बिबट्या कुठंय?”

“डोळे बारीक करून बघा.”

उसाहून किंचित गडद अशी एक पाठ दिसली. मग कान. मग दिव्याखालचं दार ओळखू आलं, आणि दोरीवरची माझी हिरवी साडी. मी वळून त्याच्याकडे पाहिलं.

“तवाच सांगितलं असतं तर तुमी पळाला असता. पळालं की ते मागं येतं. वनखात्याला फोन केलाय मी.”

“एवढा जवळ होता?”

“याहून जवळ व्हता, बाई. पोरं भितील म्हणून जरा लांब काढलाय.”