कप्तान इद्रिसचं पॅरिसमधलं भाषण

माझा शेजारी इद्रिस प्रॉसर आमच्या कोळशाच्या खाणीत घोड्यांची निगा राखायचा आणि वेल्सकडून रग्बी खेळायचा. पुढच्या फळीत मधोमध वाकून पायाने चेंडू मागे ओढायचा. त्या घोळक्यात तो आणखी काय काय करायचा, ते पंचाला कधी दिसलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही. मुळात तो घोड्यांशी बोलायचा तेवढंच.

पहिल्या सामन्याला मानाची टोपी मिळाली. त्याच्या सासूबाईंनी, मिसेस पार्फिटनी, ती फिरवून पाहिली. "किटलीवर बरोबर बसेल," म्हणाल्या आणि बसवलीसुद्धा. किटली होती चॅपेलची, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिराची, त्यांनीच वर्षभरापूर्वी नेलेली. टोपीखाली कोणाला ओळखू येणार!

अकरा सामन्यांनंतर आधीच्या कप्तानाचा खांदा निखळला आणि संघात वयाने मोठा म्हणून इद्रिस कप्तान झाला. पहिलाच सामना पॅरिसला. दोन गुणांनी जिंकलो. खरं संकट पुढे, मेजवानीत होतं. कप्तानाने भाषण करायचं असतं. चिटणिसाने इंग्रजीत लिहून दिलेला कागद इद्रिस हॉटेलातच विसरला होता.

तो उभा राहिला. पाठ असलेली एकच गोष्ट ओठांवर आली. दर रविवारी चॅपेलमध्ये सूचना वाचायचं काम त्याचं होतं. खड्या आवाजात, आमच्या वेल्श भाषेत त्याने सुरू केलं :

"मंगळवारी भगिनींचा चहा. गायनाला येणाऱ्यांनी खोकला घरी ठेवून यावा. आणि चॅपेलची मोठी किटली ज्यांनी नेली आहे, त्यांनी ती परत करावी. नाव घेत नाही. घर कोपऱ्यावरचं, दार हिरवं."

फ्रेंच मंडळींना ती कविता वाटली. त्यांच्या कप्तानाने डोळे पुसत इद्रिसच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. पण मेजवानी रेडिओवर होती आणि आमच्या अख्ख्या खोऱ्याला शब्दन् शब्द कळला.

स्टेशनवर बँड आला होता. बँडच्याही पुढे सासूबाई.

"या जावईबापू! आमचं दार हिरवं आहे हे फ्रान्सला कळवून आलात?"

"आई, मी नाव नाही घेतलं."

"घेतलं असतंस तर परवडलं असतं! आता जो तो दार बघायला येतोय. कालपासून सहा जण येऊन गेले!"

"मग चहा दिलात का त्यांना?" इद्रिसच्या बायकोने, नेस्टाने विचारलं.

"कशातून देऊ? पाळकसाहेब पहाटेच किटली घेऊन गेले!"

इद्रिस नऊ सामने कप्तान होता, सहा जिंकले. प्रत्येक मेजवानीत त्याने सूचनाच वाचल्या आणि आम्ही रेडिओला कान लावून बसायचो. हरवलेल्या छत्र्या सापडल्या, दोन लग्नं जाहीर झाली. वेल्श न येणारा चिटणीस मात्र सगळ्यांना सांगत फिरायचा, "कप्तान मोठा रसिक आहे."

मग कार्डिफला चिखलात हरलो. इद्रिसची बरगडी मोडली. ती सांधली तरी निवड समितीने त्याला वगळलं. कोणी पत्रसुद्धा पाठवलं नाही. खाटकाने मटण गुंडाळताना वर्तमानपत्रातली यादी दाखवली. इद्रिसने ती दोनदा वाचली. "हं," म्हणाला आणि मटण न घेताच निघाला. त्या दिवशी तो खाणीतल्या तबेल्यातून फार उशिरा वर आला.

सासूबाईंनी समितीला पत्र लिहिलं. नेस्टाने ते मला वाचून दाखवलं : "त्याने आमची अब्रू परदेशात घालवली, ते आमचं आम्ही बघून घेऊ. पण त्याला वगळणारे तुम्ही कोण?" उत्तर आलं नाही.

पुढच्या शनिवारी वेल्सचा संघ एडिंबराला खेळत होता आणि इद्रिस शेजारच्या गावाविरुद्ध, आमच्या उतरत्या मैदानावर. सासूबाई जन्मात पहिल्यांदा सामना बघायला आल्या. अर्ध्या तासात त्यांनी पंचाचा, त्याच्या चष्म्याचा आणि त्याच्या आईचा उद्धार केला. मी घाबरून शेजारी उभ्या असलेल्या पाळकसाहेबांकडे पाहिलं.

ते म्हणाले, "असू दे. चष्म्याचं खरंच आहे."