आक्काच्या गोधड्यांची वेबसाइट

आमच्या मेव्हण्याइतका चिवट माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या दाजीची मला दया येते. मी चौथीपर्यंत शिकलेला, कोल्हारच्या स्टँडसमोर माझं सायकल दुरुस्तीचं दुकान. लिहिणं हे माझं काम नाही. पण या माणसाने मला जेवढं छळलं तेवढं पंक्चरच्या सोल्युशननेही छळलं नाही, म्हणून लिहितो. हा हिचा, म्हणजे माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ. साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर कारकून. दिवसभर दुसऱ्यांचा ऊस तोलायचा आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून जग सुधारायचं, हा त्याचा धंदा. आधी ससे पाळले, ते कुत्र्यांनी नेले. मग गच्चीत मशरूम लावले, ते कशानेच नेले नाहीत, तसेच कुजले. आणि नव्व्याण्णवच्या संक्रांतीच्या सुमारास संगमनेरच्या एका कॉम्प्युटर क्लासात त्याने इंटरनेट पाहिलं. त्या दिवशी तो चपला न काढताच आमच्या घरात शिरला.

"आक्का, तुझ्या गोधड्या आता जगाला दाखवायच्या!"

हिचं काळीज तेव्हा थकलं होतं. डॉक्टरांनी जिना, पाणी, दगदग सगळं बंद केलं होतं आणि मला बाजूला घेऊन 'फार दिवस धरू नका' असंही सांगितलं होतं. हिच्या हातात राहिली होती ती सुई. जुनी लुगडी, धोतरं, माझे ग्रीसने बरबटलेले शर्टसुद्धा धुऊन फाडून ही गोधड्या शिवायची. गोधडी संपत आली की चौथ्या कोपऱ्यात ठिगळाखाली वाळक्या भाकरीचा तुकडा ठेवून टाके घालायची. गोधडी उपाशी राहू नये म्हणून. तिच्या आईची रीत. मी म्हणायचो, उंदरांची सोय करतेस. भाऊ एवढा नाचतोय म्हटल्यावर ही हसली आणि म्हणाली, "जग नको रं. एक तरी परका मानूस येऊन बघू दे. घरातले काय, चांगलंच म्हनत्यात."

"आनतो," मेव्हणा म्हणाला. "एक परका मानूस आनतोच."

झालं. मागच्या अंगणात दोरीवर सात गोधड्या टांगून फोटो काढला. कडेला डोक्यावर पदर घेऊन ही उभी राहिली आणि नेमके फ्लॅश पडताना डोळे मिटले. क्लासच्या मास्तरांकडून तो फोटो त्याने वेबसाइटवर चढवला. फुकटात मिळालेली जागा, खाली आकडे दाखवणारा मीटर आणि येणाऱ्याजाणाऱ्याने अभिप्राय लिहायची वही. दोन आठवड्यांनी मीटरवर आकडा आला नऊ. त्यातल्या सात वेळा हाच बघून आला होता आणि दोनदा मास्तर.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. याने रंगाचा डबा घेतला. वेबसाइटचा हातभर लांब इंग्रजी पत्ता माझ्या दुकानाच्या भिंतीवर, दुधाच्या टेम्पोच्या पाठीवर आणि पाण्याच्या टाकीवर रंगवला. शेतकरी माझ्याकडे हवा भरायला यायचे आणि विचारायचे, "हे फवारायचं औषध कुठल्या दुकानात मिळतं?" मी उत्तर देऊन थकलो. शेवटी 'कीड लई मरते, पण संगमनेरला जावं लागतं' असं सांगायला लागलो.

मग त्याला वाटलं, बोलावल्याशिवाय कोण कशाला येईल? म्हणून हळदीच्या अक्षता घेऊन घरोघर आवतण द्यायला निघाला. "सहकुटुंब सहपरिवार आक्काच्या वेबसाइटवर यायचं हं!" आमच्या शेजारच्या म्हातारीने विचारलं, "पंगत हाय का?"

"पंगत न्हाई मावशे. नुसतं बघायचं."

"मग अक्षता कशाला देतूस मेल्या, धा जनांच्या सैपाकाला तांदूळ झालं असतं!"

तरी पठ्ठ्याने टेम्पो भरून माणसं संगमनेरला नेली. एकेकाला कॉम्प्युटरपुढे बसवून गोधड्या दाखवल्या, मीटर अकराने वाढवला आणि पेढे घेऊन घरी आला. मी सरळ सांगितलं, "सायकल स्टँडवर उभी करून चाक हाताने फिरवलं तरी मीटर पळतो. म्हणून सायकल संगमनेरला पोचत नाही."

"दाजी, आधी मीटर तर पळू द्या!"

पुढे मास्तरांनी त्याला आणखी एक अक्कल दिली. इंटरनेटवर शोधायची यंत्रं असतात, लोक त्यात शब्द टाकतात, तो शब्द तुमच्या पानावर असेल तर ते तुमच्याकडे येतात. मेव्हण्याने गोधडी, वाकळ हे शब्द घातलेच. पण कांदा, ऊस, नवऱ्या मुली, एस.टी.चं वेळापत्रक, मूळव्याध हेही घातलं. तेही पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरात, म्हणजे यंत्राला दिसावं, माणसाला दिसू नये. मी म्हटलं, "मूळव्याधीचा माणूस गोधडी बघून काय करील?" तो म्हणाला, "बसायला घेईल." अशा माणसाशी भांडण तरी कसं करायचं?

पण कळस झाला पुण्याला. तिथल्या एका तरुण इंजिनियराने जुन्या पितळी भांड्यांची वेबसाइट काढली होती. त्याने कळवलं की तुम्ही तुमच्या पानावर माझी जोडणी, म्हणजे लिंक, द्या, मी माझ्या पानावर तुमची देतो. साधी गोष्ट. हा म्हणाला, "जोडनी म्हंजे सोयरीकच की! घर बघितल्याबिगर कशी द्यायची?" सकाळच्या एस.टी.ने मला ओढत पुण्याला नेलं. इंजिनियर अर्ध्या चड्डीत दार उघडायला आला. याने त्याला मूळ गाव विचारलं, भाऊ किती विचारलं, घर स्वतःचं की भाड्याचं विचारलं, आत जाऊन माठातलं पाणी पिऊन आला. त्या बिचाऱ्याच्या आईने पोहे केले, ते खाल्ले. येताना एस.टी.त मला म्हणतो, "घर बरं हाय. पन पोरगं सारखं घड्याळाकडं बघत हुतं. घाई करायची न्हाई." आठ दिवसांनी होकार कळवला. तोवर त्या पोराने नाद सोडला होता.

हे सगळं चाललेलं असताना ही रोज संध्याकाळी भावाला विचारायची, "आलं का रं कुनी?" तो म्हणायचा, "वाटंत हाय." टाके घालताना हिला धाप लागायची, आणि मला त्या 'वाटंत हाय'चा राग यायचा.

श्रावणात तो एक छापील कागद घेऊन धावत आला. म्हणे वेबसाइटच्या वहीत परदेशातल्या एका बाईने लिहिलंय. इंग्रजी अक्षरांत मराठी होतं, त्याने वाचून दाखवलं: 'फोटो पाहून माझ्या आजीची आठवण आली. तुम्ही शेवटच्या कोपऱ्यात भाकरी शिवता का?'

हिचा चेहरा असा उजळला की बस्स. आणि मी, मला खोटं सहन होत नाही, मी तिथल्या तिथे बोललो. "फोटोत भाकरी दिसते का? भाकरीचं या घराबाहेर कुणाला ठाऊक आहे? हे तूच लिहिलंस. आजारी बहिणीला फसवतोस, लाज नाही वाटत?"

त्याने कागदाची घडी केली आणि हिच्या हातात दिली. ही एवढंच म्हणाली, "अवो, आईचं माहेर काष्टीकडचं. तिकडच्या बायका शिवत्यात तसं."

मी ऐकलं नाही. दुकानात निघून गेलो.

नवरात्राच्या आधी ही गेली. मेव्हणा तेरा दिवस आमच्याकडे होता. वेबसाइटचं नावही त्याने काढलं नाही. मीही काढलं नाही.

डिसेंबरात एका दुपारी एस.टी.तून एक पन्नाशीच्या बाई उतरल्या. पाठीवर पिशवी, पायात बूट. भिंतीवरचा तो हातभर पत्ता वाचला आणि सरळ माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "गोधड्यांच्या बाई इथेच राहतात ना? त्यांनी मला बोलावलंय."

मी म्हटलं, "त्या नाहीत. कोणी बोलावलं तुम्हाला?"

त्यांनी पिशवीतून कागद काढला. वेबसाइटवरून त्यांना आलेलं उत्तर. त्यांनीच मला वाचून दाखवलं. 'होय, भाकरी शिवते. तुमची आजी काष्टीकडची असणार. जरूर या. स्टँडसमोर सायकलचं दुकान आहे, तिथे आमचे मालक बसतात. बोलायला फटकळ आहेत, मनावर घेऊ नका. चहा घेतल्याशिवाय उठू देत नाहीत. मी असेन नसेन, गोधड्या बघून जा.'

मी हात पुसले. बराच वेळ पुसले. मग स्टोव्ह पेटवून चहा ठेवला.

बाईंची आजी खरंच काष्टीजवळची. घरात नेऊन मी सातही गोधड्या पसरून दाखवल्या. त्यांनी एकेकीचा चौथा कोपरा दोन बोटांत धरून चाचपला. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं म्हणून मेव्हणा कारखान्यातून घामाघूम होऊन आला. दारातूनच विचारलं, "ताई, यंत्रात कंचा सबूद टाकून आलात?" मग गोधड्या पसरलेल्या पाहिल्या आणि उंबऱ्यावरच बसला.

बाई गेल्यावर मी विचारलं, "उत्तर पाठवलं ते मला का नाही सांगितलंस?"

"आक्कानं सांगितलं, मी लिवलं. म्हनली, दाजींना सांगू नगंस. त्ये एकदा बोलले की त्यास्नी माघारी फिरता येत न्हाई. उगं मनाला लावून घेत्याल." नाक पुसून लगेच म्हणाला, "पन दाजी, परका मानूस आनला का न्हाई?"

"आणलास," मी म्हटलं.

त्याचं वेड अजून तसंच आहे. आता गोधड्यांच्या फोटोमागे गाणं वाजवायचं म्हणतोय, मी त्याला शिव्या घालतोय. पण महिन्यातून एकदा मीच एस.टी.ने संगमनेरला जातो. मास्तर पान उघडून देतात. खालचा मीटर एकाने पुढे सरकतो, हाताने चाक फिरवल्यासारखा. दोरीवर सात गोधड्या आहेत आणि कडेला ही उभी आहे, डोळे मिटून. मी थोडा वेळ बसतो. परत आलो की ओट्यावरून मेव्हणा विचारतो, "दाजी, आलं का कुनी?"

मी म्हणतो, "वाटेत आहे."