मोठ्या खोलीविरुद्ध मोर्चा

ओवीच्या पाळणाघरातली पोरं एका सकाळीत छोट्या खोलीतून मोठ्या खोलीत गेली, ती माझ्या मोर्चामुळे. मोर्चा मोठ्या खोलीच्या विरोधात होता.

ओवी माझी पुतणी, वय वर्षं तीन. तीन पूर्ण झाली की तिथं पोरांना मोठ्या खोलीत हलवतात, आणि ती रुळेपर्यंत घरचं कुणीतरी सोबत बसतं. दादा कामानं काटोलला. वहिनीला पुढच्या सोमवारी सदरमधल्या नव्या ऑफिसात रुजू व्हायचं होतं. उरलो मी. (तुंबलेल्या नाल्यावर पत्रकं काढून ती दारोदार वाटणं हे आमच्या घरात रिकामपणात मोजतात.)

"भाऊजी, पोरगी तिथं रमली नाही तर माही नोकरी सुरू व्हायच्या आधीच संपली समजा," वहिनी म्हणाली. "फक्त बसा. बोलू नका."

बोलू नका! मला!

पोचलो तर संचालिका कुंदाताई पोरांना सांगत होत्या, "चला रे, खोली खाली करा. नवीन बाळं येऊन राहिले." 'खाली करा' ऐकलं की माझं डोकं फिरतं. याच दोन शब्दांविरुद्ध मी टपरीवाल्यांसोबत रस्त्यावर बसलो आहे.

"यांना विचारलं का तुम्ही?"

"कोणाले?"

"या मुलांना!"

"अहो भाऊ, यातल्या दोघांले अजून चड्डी घालता येत नाही."

"चड्डीचा आणि हक्काचा काय संबंध?"

कुंदाताई कपाळाला हात लावून निघून गेल्या. मी लगेच सभा घेतली आणि "नाही हटणार!" ही घोषणा शिकवली. पोरं खूश! मुठी वळल्या, एकानं तर अर्धं खाल्लेलं बिस्किट उगारलं. ओवीला मी छोट्या खोलीच्या उंबरठ्यावर बसवलं. "तू ही जागा सांभाळ. कोणी काहीही म्हणो, हटायचं नाही!" बाकीच्यांना घेऊन कुंदाताईंकडे निवेदन द्यायला निघालो.

इथं संघटनात्मक चूक झाली. कुंदाताईंचं टेबल मोठ्या खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. वाटेत घसरगुंडी लागली, तिथं पहिली फूट पडली. मग चाकांचा हत्ती लागला. दोन कार्यकर्ते त्यावर चढले. शेवटचा घोषणा देत देतच खोट्या भाजीच्या दुकानात शिरला. टेबलापाशी पोचलेल्या मोर्चात फक्त मी होतो.

"वा भाऊ!" कुंदाताई चक्क उठून उभ्या राहिल्या. "दरवेळी आठवडा जाते आमचा रडारडीत! पुढच्या बॅचले पण याल न?"

आणि तिकडं उंबरठ्यावर एकटी ओवी, जागा सांभाळत.

"ओवी, चल बेटा, तिकडं घसरगुंडी आहे."

"नाही हटणाल!"

"अगं, खोली मोठी आहे. पंखे दोन आहेत. सगळ्या सोयी..."

हे माझंच तोंड बोलत होतं! अगदी असंच बोलणाऱ्या साहेबांना मी घेराव घातले आहेत.

ओवी आठवडाभर बधली नाही. "तुम्ही पोरीले सवय लावायले गेले होते का युनियन बनवायले?" वहिनीनं विचारलं. दादानंही काटोलहून फोन करून तेच विचारलं. (त्याचे शब्द छापता येत नाहीत.)

सोमवारी सकाळी वहिनी नवा ड्रेस घालून, डबा-पर्स घेऊन पाळणाघरात उभी, ओवी उंबरठ्यावर बसलेली. दोघींपैकी एकीच्या डोळ्यांत पाणी येऊ लागलं होतं, आणि ती ओवी नव्हती. मी मुकाट्यानं ओवीसमोर मांडी घातली.

"काय मागणी आहे तुझी? मान्य!"

ओवीनं बराच विचार केला. "काका पण."

"काका पण काय?"

"काका पण मोठ्या खोलीत. लोज."

मान्य केलं. वहिनी ऑटो पकडून सदरला पळाली. मी मोठ्या खोलीतल्या बुटक्या खुर्चीत गुडघे कानाशी घेऊन बसलो. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. नाल्याचं पत्रक तसंच राहिलं. मग एका सकाळी ओवी घसरगुंडीवरून ओरडली, "काका, तू जा न घली! काहून बसून लाहिला?"

"अगं, तूच रोज म्हणाली होतीस न?"

ती तोवर घसरून खाली गेली होती. कुंदाताई म्हणाल्या, "भाऊ, खुर्ची द्या बरं ती. नवीन पोरगं आलं."

मी उठलो. खुर्चीही माझ्यासोबत उठली. पाळणाघरातल्या दोन मावश्यांनी मला धरलं, कुंदाताईंनी खुर्ची ओढली, तेव्हा कुठं सुटका झाली. आंदोलनांत पोलिसांनी मला बऱ्याचदा उचलून नेलं आहे, पण इतक्या टाळ्या कधीच पडल्या नाहीत!