सुईच्या दोन खाचा

पिपरी मेघेत माझं औषधांचं दुकान आहे. दुकानाच्या मागे, जिथे कोणताही शहाणा माणूस गोदाम काढेल, तिथे मी तीन जुन्या मोटारसायकली ठेवल्या आहेत. तिन्ही टू-स्ट्रोक. त्या बनवणारी कंपनी कधीचीच बंद पडली. त्यातली चालते एकच. उरलेल्या दोघी तिला सुटे भाग पुरवण्यासाठी उभ्या आहेत. नातेवाईक आले की मी मागचं दार लावून घेतो, कारण प्रत्येकाचा एकच प्रश्न असतो: या भंगाराचं करतोस काय?

करतो ते असं. चालत्या गाडीची सीट कापून बुटकी केली, सायलेन्सर दगडाला लागू नये म्हणून वर वळवून घेतला, मागचं दातेरी चाक मोठं बसवलं आणि अशी गाडी घेऊन नाल्यातल्या दगडांवरून जायचं. तेही अत्यंत हळू. वेगाचा इथे संबंधच नाही. आखून दिलेल्या वाटेने दगड, चढ, झाडांची मुळं पार करायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. पाय टेकला की एक गुण चढतो, पडलात की पाच. ज्याचे गुण कमी, तो जिंकला. परदेशात या खेळासाठी खास गाड्या मिळतात, आपल्याकडे असं काहीतरी जमवावं लागतं. माझी बायको याला शाळेतली स्लो सायकल म्हणते, आणि खरं सांगायचं तर तिचं चुकत नाही.

हे जमवण्याचं काम माझं नव्हतं. मला पुड्या बांधता येतात, पाने फिरवता येत नाहीत. काम काकाजींचं होतं. काकाजी सत्तरी ओलांडलेले, दोन गल्ल्या सोडून राहणारे. चाळीस वर्षं त्यांनी रस्त्याकडेला मोटारसायकली दुरुस्त केल्या, टू-स्ट्रोक गाड्या रस्त्यावरून गेल्या तसं दुकान बंद केलं. पण हात शिवशिवत. माझ्यासारखे सात-आठ हौशी त्यांना धरून होते; कोणाची आजोबांची गाडी, कोणाची सासऱ्यांची. दर रविवारी सकाळी ते माझ्याकडे येत, चहा बशीत ओतून पीत आणि कामाला बसत. चालू इंजिनाला लांब पेचकस टेकवायचा, त्याची मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे. मग कार्बोरेटरला हात. गावात त्यांचं नाव झालं ते या कानामुळेच. लोक म्हणत, काकाजी गाडीची नाडी पाहतात.

हा कान गेला आहे, हे मला गेल्या वर्षी कळलं. हवेच्या पंपाचा पाइप निसटला होता आणि अख्खी गल्ली ऐकेल असा फुसकारा सुटला होता. मी दुकानातून धावत मागे आलो. काकाजी पंपाला पाठ करून, हातभर अंतरावर, शांतपणे चेनला तेल सोडत बसले होते. मी पंप बंद केला. त्यांना ना तो सुटल्याचं कळलं, ना बंद झाल्याचं.

त्यानंतर मी लक्ष ठेवलं. मागून हाक मारली तर ते वळत नसत. समोरून काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "व्हय ना." माझ्या दुकानात कानाच्या मशीनच्या बॅटऱ्या मिळतात, ऐकू न येणारी माणसं ते कसं लपवतात हे मी रोज पाहतो. ती जास्त हसतात आणि मान जास्त हलवतात. काकाजी दोन्ही करत होते. मी काही बोललो नाही. याला मी तेव्हा समजूतदारपणा म्हणत होतो.

हिवाळ्यात आमची मंडळी गिरडच्या बाजूला एका कोरड्या नाल्यात जमतात. दर्ग्याची टेकडी लांब दिसते, आम्ही त्या वाटेला जात नाही. नागपूर, हिंगणघाट, वर्धा मिळून दहा-बारा जण, दोऱ्या बांधून आखलेल्या पाच वाटा, घरचे डबे. बक्षीस वगैरे काही नाही. तरीही मला तिथे एकदा जिंकायचं होतं. पन्नाशीतल्या माणसाला शोभत नाही, पण होतं ते असं होतं.

यंदा तिथे जमायच्या आदल्या रविवारी काकाजींनी गाडी तयार केली. पेचकस टेकवला, डोळे मिटले, कार्बोरेटर उघडला, आतली सुई वर घेतली, पुन्हा लावला. गाडी चालू केली तर धुराने डोळे झोंबायला लागले. आवाज गदगद, भरल्या घशाने कोणी बोलावं तसा. शेजारच्या बाईंनी खिडकी धाडकन लावली.

"काकाजी, पेट्रोल जास्त होते वाटते," मी त्यांच्यासमोर जाऊन म्हणालो.

"व्हय ना," ते म्हणाले, आणि हात पुसायला लागले.

झालं. माझी खात्री पटली. बिचाऱ्यांना आवाज ऐकूच येत नाही, अंदाजाने लावून मोकळे झाले.

मी शनिवारी दुपारी दुकान मदतीला असलेल्या पोरीवर सोपवलं आणि मागचं दार लावून घेतलं. कार्बोरेटरच्या सुईला वरच्या टोकाशी बारीक खाचा असतात. एका खाचेत चिमटी बसते. चिमटी जितकी खालच्या खाचेत, तितकी सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल जास्त जातं. एवढं मला येत होतं. इंटरनेटवर याहून अवघड गोष्टी शिकवतात. मी चिमटी दोन खाचा वर घेतली, म्हणजे सुई तेवढी खाली उतरली. गाडी चालू केली. धूर गेला, आवाज असा साफ झाला की मला स्वतःचाच अभिमान वाटला. सेवाग्रामच्या रस्त्याने एक चक्कर मारून आलो. गाडी मस्त पळत होती. काकाजींना सांगायचं नाही, हे मी परत येताना ठरवलं. त्यांचं मन दुखवायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं.

रविवारी नाल्यात पहिल्या दोन वाटा मी पाय न टेकता पार केल्या. असं आधी कधी झालं नव्हतं. काकाजी वरच्या काठावर दगडावर बसून पाहत होते, मांडीवर डबा. तिसरी वाट लांब होती. पहिल्या गिअरमध्ये, अर्धा अ‍ॅक्सिलरेटर पिळून, मोठमोठ्या दगडांवरून सतत वर. ऊन चढलं होतं. माणूस चालेल त्याहून कमी वेगाने गाडी जात असली की इंजिनाला वारा लागत नाही. निम्म्यावर इंजिनातून एक किंकाळी निघाली आणि मागचं चाक जागच्या जागी आवळलं. मी आडवा झालो. लागलं फारसं नाही. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता. आमच्या भाषेत, गाडी सीज.

काकाजी डबा ठेवून खाली उतरले, दगड धरत धरत. त्यांनी इंजिनावर थुंकी लावलेलं बोट टेकवलं, चर्र झालं. प्लग काढला. प्लगचं टोक चांगलं असलं तर चॉकलेटी असतं. हे पांढरंफटक होतं, पेट्रोल कमी पडून भाजलेलं. ते प्लग हातात धरून उभे राहिले. सगळे भोवती जमले होते.

"हे माह्याच हातून झालं," ते म्हणाले. "मी सुई वरच ठेवली होती. निदान मले तसं वाटलं."

तेव्हा मला कळलं. चढावर इंजिन तापणार म्हणून त्यांनी मुद्दाम पेट्रोल जास्त ठेवलं होतं. त्या जास्तीच्या पेट्रोलनेच आत गारवा राहणार होता. आणखीही एक कळलं, जे औषधं विकणाऱ्या माणसाला आधीच कळायला हवं होतं. पेचकसाची मूठ ते कानात धरतच नसत, कानामागच्या हाडावर दाबत. आवाज गेला होता, थरथर हाडातून अजून पोचत होती. मी हे वर्षभर पाहत होतो आणि दिखावा समजत होतो.

सांगायची वेळ तीच होती. दहा-बारा माणसं माझ्याकडे पाहत होती आणि मी दोन वाटा पाय न टेकता आलेला माणूस होतो. मी म्हणालो, "होते काकाजी, जुनी गाडी हाये."

नागपूरचा एक जण हसत म्हणाला, "काका, अब रिटायर हो जाव." दोघं-तिघं हसले. काकाजींना शब्द कळले नाहीत, पण सगळे हसताहेत म्हणून तेही हसले. मी ते पाहिलं आणि गाडी टेम्पोत चढवायला लागलो. इतका नीचपणा मी त्याआधी केल्याचं आठवत नाही.

पुढच्या रविवारी काकाजी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. गाडी मागच्या खोलीत तशीच पडून होती, कार्बोरेटर न उघडलेला, आत सुई माझ्या खाचेत. बाकीच्या हौशींचे फोन यायला लागले: काकाजी कोणाच्याच गाडीला हात लावत नाहीत, तुमचं काही बोलणं झालं का? मी म्हणायचो, पाहतो.

तिसऱ्या आठवड्यात काकू दुकानात आल्या. काकाजींच्या बीपीच्या गोळ्या न्यायच्या होत्या. गोळ्या पिशवीत टाकल्यावरही त्या उभ्याच राहिल्या.

"भाऊ, कानाची मशीन बसवली तं मानूस पुन्हा काम करते का हो?"

"काऊन, काय झालं?"

"पाने-पेचकस सारे गोनीत भरले अन् माळ्यावर टाकले. दिवसभर भिताडाकडे तोंड करून बसते. म्हनते, माह्या हातानं पोराचा जीव गेला असता." पोरगा म्हणजे मी. "जेवत नाई धड. मले बोल्ले बी नाई, का कान गेले म्हून. मले का मालूम नव्हतं का?"

मी त्यांना मशीनबद्दल जे सांगायचं ते व्यवस्थित सांगितलं. डॉक्टरांना दाखवा, तपासणी करा, सवय व्हायला वेळ लागतो. गिऱ्हाईकाला सांगतो तसं. त्या गेल्यावर मी पुढच्या माणसाला चुकीच्या गोळ्या काढून दिल्या आणि पोरीने त्या परत घेतल्या. मग मी शटर अर्धं ओढलं आणि निघालो.

काकाजी अंगणात खाटेवर बसले होते. काकू तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी खाली वाकलो, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. वाटेत शब्द जुळवून ठेवले होते. चांगलेच जमले होते. सांगून झालं तसा माझा जीव भांड्यात पडला.

"व्हय ना," काकाजी म्हणाले.

त्यांना एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं. काकूंचे हात मात्र थांबले होते.

मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. त्यांनी मान पुढे केली, हात कानाला लावला. लपवायचं त्यांनी सोडून दिलं होतं. "जोऱ्यानं सांगा, भाऊ."

मग मी ओरडलो. जुळवलेले शब्द ओरडता येत नाहीत, म्हणून जे उरलं ते ओरडलो. "सुई मी खाली केली होती! तुमी गेल्यावर! तुमचं बरोबर होतं!"

पलीकडच्या घरातली बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. रस्त्याने सायकलवर चाललेला एक माणूस थांबला. काकाजी माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"किती?"

मी दोन बोटं दाखवली. "दोन खाचा!"

"दोन," ते म्हणाले. मग काकूंकडे वळले. "आयकलं का व? दोन खाचा खाली केली यानं. मी सुई वरच ठेवली होती." ते त्यांनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा कुंपणापलीकडच्या बाईला सांगितलं. आवाज चढला होता, डोळे भरले होते. रागाचं मला काहीच दिसलं नाही. शिव्या खायची तयारी करून गेलेल्या माणसाला ते फार जड जातं.

खाटेवर जरा सरकून त्यांनी मला बसायला जागा केली. मग विचारलं, "मंग तवाच काऊन नाई सांगितलं? नाल्यातच?"

"लाज वाटली," मी म्हणालो.

"अं?"

बाई अजून कुंपणाशीच होती. सायकलवाल्याने एक पाय खाली टेकवला होता.

"लाज वाटली, काकाजी!"

या वेळी पोचलं. त्यांनी मान हलवली, आणि ती नेहमीची, काही न ऐकता हलवलेली मान नव्हती.

"मले बी वाटत होती," ते म्हणाले. "तीन हप्ते."