फ्रँकफर्टपर्यंतची सोबत

नवऱ्याला सांगितलं नाही. आईला तर नाहीच — ती शेवटच्या आजारात माझा हात धरून पडलेली असायची, तेव्हा एकदा अगदी ओठांवर आलं होतं, पण मी उठून तिच्यासाठी पाणी आणायला गेले. तहान तिला लागलेली नव्हती. आता तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर हे बोलण्याची हिंमत माझ्यात नाही, हेही आधीच सांगून टाकते.

सुरुवात मात्र मला विमानापासून करू द्या. मला लांबचा विमानप्रवास आवडायचा. लोक कंटाळतात, पाय सुजतात म्हणून कुरकुरतात — मी नाही. लग्नानंतर नवऱ्याकडे शिकागोला गेले तो माझा पहिला प्रवास, आणि त्यातच त्या बारीकसारीक लाडांनी मला जिंकलं. गरम वाफाळता रुमाल चिमट्याने हातात देतात, तो डोळ्यांवर ठेवायचा. छोट्या पाऊचमधले पायमोजे, डोळ्यांवरची पट्टी, बोटभर टूथपेस्ट. आमच्या नाशिकच्या घरात सकाळी बंबात लाकडं सारण्यापासून माझा दिवस सुरू व्हायचा. आणि विमानात कुणीतरी गोड हसून ‘आणखी उशी हवी का?’ विचारतं म्हणजे काय, माझं डोकंच फिरलं. ते पाऊच मी जपून ठेवायचे आणि आल्यागेल्याला दाखवायचे. एकच प्रवास केलेली मी, पण बोलायचे अशी की जणू हवाईसुंदरीच होते. मी मेली मोठी शहाणी.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. तेव्हा नाशकात कुणाच्या घरचं म्हातारं माणूस परदेशी निघालं की आधी सोबत शोधली जायची. मुलीचं बाळंतपण असायचं, आई निघालेली असायची, इंग्रजीचा गंध नसायचा. मग देवळात, बँकेत, लग्नाच्या पंगतीत विचारपूस व्हायची — तुमच्या ओळखीत कुणी चाललंय का हो त्या तारखेला? कुणी मिळालं की तिकीटही त्याच विमानाचं काढायचं. सोबत मिळाली म्हणजे घरच्यांचा अर्धा घोर गेला. मी दिवाळीला माहेरी आले होते, परत निघाले होते, आणि सुनंदाच्या आईला माझी सोबत मिळाली.

सुनंदा माझी कॉलेजातली मैत्रीण. मखमलाबादच्या बाजूला त्यांची शेती — झेंडू, शेवंती, गुलाब. घराण्यात इंजिनियर झालेली पहिलीच मुलगी, आणि लग्न होऊन तीही शिकागोतच होती. तिचे दिवस भरत आले होते. तिची आई म्हणजे हौसामावशी. आयुष्यभर फूलबाजारात बसलेल्या. बाजारातली त्यांची जागा ठरलेली, आणि टोपली रिकामी झाल्याशिवाय त्या तिथून उठायच्या नाहीत. ऊन येवो, पाऊस येवो. उठलं की जागा जाते, एवढंच त्यांना ठाऊक. सुनंदा कौतुकाने सांगायची, की आई एकदा बसली की बसली.

हे तुम्हाला मुद्दाम सांगते आहे. मला हे तेव्हाही माहीत होतं.

निघताना दोन जीप भरून माणसं घाट उतरून मुंबईला आली होती. मावशींचा मुलगा — सगळे त्याला दादा म्हणतात — विमानतळाच्या दारात माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, ताई, आईला तुमच्या ओटीत घातली. मी म्हणाले, अहो दादा, काळजीच करू नका.

विमानात मावशी माझ्या शेजारी. नऊवारी लुगडं, वर मुलाचा स्वेटर, पायांत कॅनव्हासचे बूट. गरम रुमाल आला तर त्यांनी तोंड पुसलं, मान पुसली, काखा पुसल्या, आणि घडी घालून रुमाल देणाऱ्या पोरीला विचारलं — मराठीतच — ‘धुऊन देऊ का गं बाय?’ पलीकडे कोटातला एक गृहस्थ होता. तो हसला. वाईट हसला नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी डबा उघडला. लसणाची चटणी आणि दशम्या. सगळ्या रांगेला वास. मी डोळ्यांवर पट्टी ओढली आणि झोपेचं सोंग घेतलं, मग खरंच झोप लागली. जाग आली तेव्हा माझ्या अंगावर दोन ब्लँकेटं होती, आणि मावशी स्वेटरच्या बाह्या ओढून काकडत बसल्या होत्या. मला काय वाटलं असेल? माया दाटून आली असेल, असं तुम्हाला वाटेल. मला राग आला. त्यांच्या त्या चांगुलपणाचाच राग आला, की आता हे ओझं उतरवताही येणार नाही.

फ्रँकफर्टला विमान बदलायचं होतं आणि मध्ये बराच वेळ होता. मावशींनी माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं, शाळेत पहिल्या दिवशी पोर धरतं तसं. गुडघे दुखत होते त्यांचे. पुढचं गेट दुसऱ्या टोकाला, वर, फार लांब होतं. आम्ही उतरलो तिथल्याच एका बाकावर मी त्यांना बसवलं. म्हटलं, मावशी, मी जरा जाऊन येते. इथून हलायचं नाही. कुणी काही म्हणालं तरी हलायचं नाही, मी न्यायला येईन. त्यांनी मांडी घातली, पासपोर्टची पिशवी पोटाशी घेतली आणि म्हणाल्या, ‘तू जा बिनघोर. मी काय हलत नाय.’

मला काय हवं होतं? अंघोळ. त्या विमानतळावर पैसे देऊन गरम पाण्याची अंघोळ मिळते हे मी मागच्या वेळी पाहून ठेवलं होतं. अंघोळ केली. नंतर कॉफी घेतली, एकटीने, कुणाला काही समजावून न सांगता. वर एका कोपऱ्यात मागे रेलणाऱ्या खुर्च्या होत्या, तिथे घटकाभर टेकले. लसणाचा वास नाही, ओढणीला ओढ नाही. इतकं सुख वाटलं. आणि माझा डोळा लागला.

जागी झाले ती आमच्या विमानाची शेवटची सूचना ऐकून. पाचावर धारण बसली. गेट जवळ होतं, मावशी लांब होत्या — खाली, पार पलीकडे. मी उभी राहिले. दोन्हीकडे बघितलं. आणि गेटकडे पळाले.

थांबा, जे सांगायचं आहे ते अजून आलेलं नाही. इथपर्यंत तरी मी घाबरले होते असं म्हणता येईल.

गेटवरच्या बाईच्या हातात कागद होता. एक प्रवासी आलेली नाही, म्हणाली. तिने मावशींचं नाव वाचलं, असं काही वेडंवाकडं की त्यांच्या सख्ख्या मुलालाही कळलं नसतं. मग माझ्याकडे पाहून तिने इंग्रजीत विचारलं, ‘ही बाई तुमच्यासोबत आहे का?’

मी म्हणाले, नाही.

का म्हणाले? हो म्हटलं तर मलाही थांबवतील, विमान जाईल, शिकागोला नवरा वाट बघतोय, सगळा घोटाळा माझ्या अंगावर येईल — हे सगळं त्या एका क्षणात मनात आलं का? नाही आलं. हे मी मागाहून जुळवलं. तेव्हा फक्त ‘नाही’ आलं, आणि फार सहज आलं.

आत जाऊन बसले. विमान सुटेना. मग कप्तानाने सांगितलं, एक प्रवासी आली नाही म्हणून तिचं सामान उतरवतो आहोत. सगळे कुरकुरायला लागले. त्या सामानात डिंकाचे लाडू होते, बाळंतविडा होता, जुन्या लुगड्यांची शिवलेली दुपटी होती. मला माहीत होतं, बॅग भरताना मी तिथे होते. तेवढा वेळ माझ्याकडे होता. हात वर करून कुणालाही सांगता आलं असतं — ती बाई खाली बाकावर बसलेली आहे, माणूस पाठवा. मी हात वर केला नाही. सामान उतरलं, दार बंद झालं. शेजारची मावशींची जागा रिकामी होती. मी मधला दांडा वर केला, पाय पसरले आणि शिकागोपर्यंत आडवी होऊन गेले. चांगली झोप लागली. हेही लपवत नाही.

शिकागोला सुनंदा आली होती, पोट सावरत, नवऱ्याच्या हाताला धरून. मी रडले. रडत रडत सांगितलं की मावशी लघवीला जाते म्हणून उठल्या, मी नको म्हणत होते, आणि मग सापडल्याच नाहीत. मी किती शोधलं म्हणून सांगू. सुनंदा तिथल्या तिथे खाली बसली. आणि वर तिनेच मला पाणी दिलं.

मावशी दुसऱ्या दिवशी पोचल्या. त्या बाकावरच कुणा सफाईवालीने हुडकल्या म्हणे, हिंदी येणारं माणूस शोधलं आणि पुढच्या विमानात बसवून दिलं. मी घ्यायला गेले नाही. सुनंदाचा फोन आला, आवाज खाली आणून म्हणाली, आईचं लुगडं खराब झालं होतं गं, जागेवरच. आणि म्हणते मी हललेच नाही. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, अगं, घाबरून भ्रम झाला असेल. वय झालं. पुढे मावशींनीच फोन घेतला आणि म्हणाल्या, ‘पोरी, तुला लय तरास झाला माझ्यापायी.’

बाळंतपण सुखरूप झालं. मावशी नाशकात परतल्या, पण त्यांच्या आधी माझी गोष्ट पोचली होती. आई भरकटते. आईला आठवत नाही. दादाने त्यांचं बाजारात बसणं बंद केलं — वाटेत कुठे निघून गेली तर? टोपली सुनेकडे गेली, मग गॅसची शेगडी, मग कपाटाच्या किल्ल्या. दादा वाईट माणूस नाही. त्याला आई जपायची होती. शिकलेल्या ताईंनी सांगितलं ते खोटं का असेल?

काही वर्षांनी आम्ही कायमचे नाशकात आलो. मी जाणं टाळत होते, पण सुनंदा सुट्टीला आली तेव्हा तिने ओढूनच नेलं. मावशी ओट्यावर शेवंतीचे गजरे करत होत्या. हात झरझर चालत होते, एक फूल इकडचं तिकडे होत नव्हतं. मला बघून त्यांनी हात थांबवला आणि दादाला हाक मारली. सुनेलाही बोलावलं. सगळी आली. तेव्हा मला कळलं, त्या या दिवसाची वाट बघत होत्या.

म्हणाल्या, ‘दादा, ही व्हती तिथं. हिला इचार. पोरी, मला पक्कं आठवतंय, मी उठले नव्हते. तू सांगितलं तशी बसून व्हते. आता डाक्टर गोळ्या देतो, म्हनतो डोकं कमी चालतं. माझं डोकं बरं हाय. तू एक सबूद सांग याला. मला बाजारात जायाचंय.’

दादा माझ्याकडे बघत होता. त्याच्या तोंडावर — कसं सांगू — आशा होती. त्यालाही तेच ऐकायचं होतं. सुनंदा माझ्या शेजारी उभी होती.

एक शब्द. मावशी, तुमचं बरोबर आहे. काय झालं असतं? सुनंदाने तोंड पाहिलं नसतं, गावभर छी थू झाली असती, नवऱ्याला कळलं असतं. मी तरुण होते, धडधाकट होते, यातून उठले असते.

मी मावशींच्या पाठीवरून हात फिरवला. अगदी मायेने फिरवला. आणि म्हणाले, ‘उठला होतात मावशी. तुमच्या लक्षात नाही.’

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील खोटारडी. त्या तसं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली आणि दादाला म्हणाल्या, ‘मग गेलंच म्हनायचं माझं डोकं. तू म्हनत व्हतास ते खरं.’ गोळी कधी घ्यायची असते ते त्यांनी सुनेला विचारलं.

त्यानंतर त्यांनी बाजाराचं नाव काढलं नाही. दाराबाहेर पडायचं तर कुणाचा तरी हात धरायच्या. पाय चांगले होते, पण म्हणायच्या, मला माझा भरवसा नाय. तशाच दोनेक वर्षं राहिल्या आणि गेल्या. दहाव्याला मी गेले होते. दादाने सगळ्यांसमोर माझे आभार मानले, की परक्या देशात ताईंनी आईला किती शोधलं.

मी खाली मान घालून ते ऐकून घेतलं आणि जेवायला बसले.