शालनचं दुसरं पान

माझी बायको शालन रोज दुपारी स्वतःसाठी दोन ठिकाणी वाढायची. वाटीभर पेज घेऊन ती चुलीपाशी बसायची. आणि केळीचं एक पान भात, बांगड्याचं तिखलं, सुकी भाजी असं भरून मागच्या पडवीत ठेवायची. पहिल्यांदा मी विचारलं, "ह्या कोणाचा?" ती म्हणाली, "तिचा." एवढंच.

माझं शिक्षण चौथी. देवबागला आमची खानावळ होती, ती शालनच्या हातावर चालायची. मी मासे आणायचो आणि ताटं उचलायचो. शालन अंगाने मोठी. खाडी ओलांडताना होडीवाला तिला एका टोकाला बसवायचा आणि मला धरून तिघांना दुसऱ्या. तिला त्याचं काही वाटायचं नाही. "रांधणारी बारीक दिसली तर गिऱ्हाईक भियाता," म्हणायची. खायची मात्र नीटनेटकी. बांगडा असा खायची की काटा डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा राहायचा, आणि तो पानाच्या डाव्या कडेला सरळ आडवा ठेवायची. मला ते कधी जमलं नाही. मी चावून चुरा करतो.

पुढे तिचे गुडघे गेले, साखर वाढली, विहिरीपर्यंत जाताना धाप लागायला लागली. मुलगा विनय पुण्यात नोकरीला. त्याच्या कंपनीच्या विम्यात आम्ही दोघं होतो. कोल्हापूरच्या डॉक्टरने तिचं पोट कापून लहान केलं आणि विम्याने सगळं भरलं. शुद्धीवर आल्यावर तिने डॉक्टरला विचारलं, "काढलेला पोट खंय आसा?"

डॉक्टर हसला. "आजी, ते जाळून टाकतात."

ती माझ्याकडे वळली. "जाळल्यानी. कोणी पाणी सोडल्यान नाय, काय नाय."

वर्षात ती अर्धी झाली. बाजारात लोक ओळखेनात. आरशासमोर उभी राहून म्हणायची, "ती बाय खंय गेली असात?" मला वाटायचं गंमत करते.

आमच्याकडे सर्वपित्रीला गेलेल्या माणसांसाठी घराबाहेर पान ठेवतात, त्याला वाडी म्हणतात. त्या सर्वपित्रीला शालनने एक पान जास्त वाढलं. त्या कापलेल्या पोटासाठी. मी ओरडलो, "जित्या माणसाची वाडी ठेवतस? खुळी झालंस काय गो?"

"जाळल्यानी ता जिता कसा?"

त्या दिवसापासून तिने रोज पान ठेवलं, आणि रोज पान रिकामं झालं. मला वाटायचं कावळे, कुत्रे. एकदा उचलायला गेलो तर बांगड्याचा काटा पानाच्या डाव्या कडेला होता. अख्खा, सरळ आडवा. कावळा काटा ओढून नेतो. कुत्रा पान फाडतो. शालनला विचारलं तर म्हणाली, "तिनाच खाल्ल्यान. उपाशी कशी ऱवतली?"

दुसऱ्या दिवशी मी पडवीच्या दारात पाट घेऊन बसलो. उजवीकडे पान दिसत होतं, डावीकडे चुलीपाशी शालन. लख्ख ऊन होतं. मागे माडाचं झावळं पडलं म्हणून मान वळवली, तेवढंच. परत बघतो तर पान रिकामं. शालनच्या ओठाला वाटी तशीच लावलेली. मी पाट उचलला आणि आत आलो. पुन्हा कधी बसलो नाही.

मग तिला पेजही उलटायला लागली. डॉक्टर म्हणाला, आतलं पोट एका जागी आवळलंय, दुसरं ऑपरेशन करून दुरुस्त करावं लागेल, नाहीतर बाई टिकायची नाही. विनयने अर्ज केला. विम्यात लिहिलेलं निघालं की वजन उतरवायचं पहिलं ऑपरेशन बसतं, त्याची दुरुस्ती बसत नाही. एकच फट होती. डॉक्टरने सांगितलेलं पथ्य बाईने पाळलं असेल आणि तरी बिघडलं असेल तर विचार करू. बघायला माणूस येणार होता.

मी शालनला सांगितलं, "उद्या पान नको."

"एक दिवस उपाशी ठेवू तिका? आधीच घरातसून भायर काढलंव."

"तुझा ऑपरेशन आसा गो."

"तिचा कोण करतला?"

दुसऱ्या दिवशी तिने पान ठेवलंच. मी उचलायला उठलो, तेवढ्यात तो माणूस दारात. सभ्य होता, चपला बाहेर काढल्या, पाणी मागितलं. हात धुवायला म्हणून मागे गेला आणि तिथेच थांबला.

"काकी जेवल्या वाटतं?"

"ती पेज पिते. ही बघा वाटी."

"मग हे पान कोणाचं?"

माझं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आतून शालनचा आवाज आला. "माझाच ता."

त्याने पानाचा फोटो काढला. काटा डाव्या कडेला होता.

पत्र आलं. पथ्य पाळलेलं नाही, दुरुस्ती विम्यात बसत नाही. मी फोनवर खूप बोललो. वाडी म्हणजे काय ते सांगितलं. पलीकडची मुलगी म्हणाली, "काका, मग जेवलं कोण?" मी फोन खाली ठेवला. शालन म्हणाली, "गप ऱवा. त्यांनी खोटा काय लिवल्यानी? पान माझाच होता."

विनयने पुन्हा अर्ज केला. त्याचं उत्तर यायच्या आधी शालन गेली. अंगावर हाडं तेवढी उरली होती. आंघोळ घालताना मी एकट्याने उचलली. पण तिरडी खांद्यावर घेतली तर चौघे वाकले. वाटेत दोनदा माणसं बदलावी लागली. मागून कोणी पुटपुटलं, "वयनी इतकी जड कशी ओ?" मी खाली बघून चालत राहिलो. दोघी एकदम निघाल्या होत्या.

आता दुपारी मीच पान वाढतो. बांगड्यात मीठ जास्त पडतं. पडवीत ठेवतो आणि दारात पाट घेऊन बसतो, मान वळवत नाही, वळवली तरी काही होत नाही. भात गार होतो. काटा बांगड्यातच राहतो. विम्याच्या त्या माणसाने आता येऊन फोटो काढावा.